आयनांचा मारा करून स्फटिकात वेव्हगाइड तयार करताना

लिथियम नायोबेट या पारदर्शक स्फटिकाचा तुकडा असतो १० बाय ५ बाय १.५ मिलिमीटरचा, आणि वेव्हगाइड (प्रकाश कोंडून नेणारी वाट) हवा असतो त्याच्या वरच्या पाच मायक्रॉनांत. बाकीचा सगळा स्फटिक फक्त आधाराला. हे पाच मायक्रॉन आयनांच्या माऱ्याने वेगळे कसे काढायचे, त्यात आम्ही काय करतो आणि गाडी कुठे अडते, ते इथे लिहितो आहोत.

टायटॅनियम डिफ्युजन किंवा प्रोटॉन एक्स्चेंज या नेहमीच्या पद्धतींनी वेव्हगाइड करणाऱ्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच मनातून काढून टाकावी लागते. तिथे आपण गाभ्याचा, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या भागाचा, अपवर्तनांक वाढवतो. हेलियमचा मारा करताना गाभ्याला शक्यतो धक्का लावायचा नसतो. त्याच्या खालचा थर बिघडवायचा असतो. २ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा हेलियम आयन स्फटिकात शिरला की वाटेतला बहुतेक प्रवास इलेक्ट्रॉनांशी घासत, ऊर्जा गमावत करतो. अणूंना जागेवरून उडवण्याइतक्या टकरा होतात त्या त्याचा वेग पार मंदावल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यात. एकूण ऊर्जेतला एक टक्काही या टकरांवर खर्च होत नाही, पण तो जवळजवळ सगळा एकाच खोलीवर, अर्ध्या मायक्रॉनच्या पट्ट्यात पडतो. तिथली अणूंची जाळी मोडते, घनता उतरते आणि अपवर्तनांक काही टक्क्यांनी खाली येतो. वर हवा, खाली हा मोडका थर, आणि मधे प्रकाश. त्या थराला आम्ही बॅरियर म्हणतो. पुढची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी असते: मोडतोड त्या पट्ट्यातच व्हावी, वरच्या गाभ्यात नको.

ही युक्ती जुनी आहे. १९६८ मध्ये प्रोटॉनांचा मारा करून फ्यूज्ड सिलिकात वेव्हगाइड केले गेले. लिथियम नायोबेटमध्ये हेलियमचा वापर १९७८ च्या सुमारास सुरू झाला, त्यात ससेक्स विद्यापीठाच्या पीटर टाउनसेंड यांचा मोठा वाटा. १९८९ मध्ये निओडिमियम-याग या लेसरच्या स्फटिकात याच पद्धतीने केलेल्या वेव्हगाइडमधून लेसर मिळाला.

लिथियम नायोबेटचा एक स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. प्रकाशाच्या ध्रुवणानुसार त्याला दोन अपवर्तनांक असतात, साधारण किरणाचा आणि असाधारण किरणाचा. माऱ्यानंतर गाभ्यातला असाधारण किरणाचा अपवर्तनांक किंचित वाढतो आणि साधारण किरणाचा किंचित उतरतो. म्हणजे असाधारण ध्रुवणासाठी वर उंचवटा आणि खाली भिंत, असा दुहेरी फायदा मिळतो. साधारण ध्रुवणासाठी फक्त भिंतच राहते. म्हणून कट, म्हणजे तुकडा स्फटिकाच्या कोणत्या अक्षाला लंब कापलेला आहे ते, निवडताना आधी ध्रुवण ठरवायचं. एक्स-कट घेऊन प्रकाश वाय दिशेने पाठवला तर टीई (पृष्ठभागाला समांतर ध्रुवणाच्या) प्रकाशाला असाधारण अपवर्तनांक दिसतो. झेड-कटमध्ये तोच टीएम (पृष्ठभागाला लंब ध्रुवणाच्या) प्रकाशाला दिसतो. हे न ठरवता हाताला येईल तो तुकडा आयनांच्या बीमसमोर लावला, की मोड (वेव्हगाइडमधून प्रकाश वाहण्याच्या ठरावीक रीती) सापडतात पण ते गळके निघतात, आणि दोष उगाच डोसला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पडलेल्या आयनांच्या संख्येला, दिला जातो.

खोलीचा हिशेब स्रिम या मोफत प्रोग्रॅमवर करतो. इथली सर्वांत सामान्य चूक घनतेची. संयुग टाइप केल्यावर प्रोग्रॅम मूलद्रव्यांवरून घनतेचा अंदाज स्वतःच भरतो आणि तो स्फटिकांसाठी बऱ्याचदा चुकीचा असतो. लिथियम नायोबेटला ४.६४, यागला ४.५६ ग्रॅम दर घनसेंटिमीटर, असा खरा आकडा हाताने भरायचा. घनता दहा टक्के चुकली की खोलीही तेवढीच चुकते. पाच मायक्रॉनांत अर्धा मायक्रॉन म्हणजे अख्खा बॅरियर इकडचा तिकडे. घनता बरोबर भरली की २ एमईव्ही हेलियमची खोली लिथियम नायोबेटमध्ये साधारण ५ मायक्रॉन येते. त्या भागात ऊर्जा ०.१ एमईव्हीने कमी केली, की थांबण्याची जागा पाव मायक्रॉनच्या आसपास वर सरकते. हा दुसरा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, पुढे बॅरियर रुंद करताना तोच लागतो.

तुकडा तयार करायला फार वेळ जात नाही, पण तिथे केलेली घाई शेवटी दिसते. आधी ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही अल्ट्रासॉनिकमध्ये, मग कोरडा नायट्रोजन. पृष्ठभागावर धुळीचा दहा मायक्रॉनचा कण राहिला, तर त्याच्याखाली आयन पाच मायक्रॉनांपर्यंत पोहोचतच नाहीत. बॅरियर तिथे पृष्ठभागाकडे उसळी घेतो आणि नंतर प्रकाश नेमका त्या जागी विखुरतो. होल्डरवर तुकडा सिल्व्हर पेस्टने चिकटवतो. कार्बन टेपने काम सोपं होतं, पण उष्णता नीट वाहत नाही आणि मागे राहिलेला चिकटा काढताना पातळ तुकडा मोडतो. कडांवर पेस्टचा एखादा बारीक धागा वरच्या पृष्ठभागापर्यंत आणतो, म्हणजे साठणाऱ्या विद्युतभाराला वाट मिळते. स्फटिक विद्युतरोधक आहे. भार साठला की ठिणगी पडते, आणि ठिणगीचा खड्डा मायक्रोस्कोपखाली एखाद्या फुटलेल्या फोडासारखा दिसतो. पृष्ठभागाचा लंब आणि बीम यांत ७ अंशांचा कोन ठेवायचा. सरळ मारलं तर काही आयन जाळीच्या ओळींमधल्या मोकळ्या वाटांनी खोल निघून जातात आणि बॅरियरला खाली शेपूट फुटतं.

आता बीम. टँडम ॲक्सिलरेटरमध्ये (आयनाला आधी ऋणभारित, मग धनभारित अवस्थेत एकाच टर्मिनलच्या व्होल्टेजने दोनदा वेग देणारं यंत्र) आत जाणारा आयन ऋणभारित लागतो आणि हेलियमला ऋणभार धरायला आवडत नाही. म्हणून हेलियमचा धनभारित बीम रुबिडियमच्या वाफेतून नेऊन त्यातला थोडासा भाग ऋणभारित करून घेतात. टर्मिनल १ मेगाव्होल्टवर ठेवलं आणि बाहेर एकधन हेलियम घेतला की २ एमईव्ही मिळतात. हेलियमऐवजी कार्बनचे आयन मारायचे असतील तर सीझियम स्पटर सोर्स (घन पदार्थातून ऋण आयन उडवणारा स्रोत) लागतो, टर्मिनल १.५ मेगाव्होल्ट आणि तीन धनभार घेतले की ६ एमईव्ही.

या तीन धनभारांनी किती नमुने वाया गेले असतील, सांगता येत नाही. मीटर दाखवतो तो विद्युतप्रवाह, आयनांची संख्या नव्हे. कार्बन त्रिधन असेल तर मीटरवरच्या आकड्याला तीनने भागल्यावर आयनांचा प्रवाह मिळतो. भागायचं राहिलं तर ठरवलेल्या डोसच्या एक तृतीयांशच मात्रा पडते, वेव्हगाइड कमकुवत निघतो, आणि नोंदवहीत मात्र डोस पूर्ण लिहिलेला असतो. आम्ही लॉगमध्ये रोज दोन रकाने भरतो: विद्युत नॅनोअँपियर आणि कण नॅनोअँपियर. एकच रकाना असला की माणूस चुकतोच.

स्फटिकावरून थेट प्रवाह मोजण्यावर भरवसा ठेवायचा नाही. भार अडतो, आणि आयन आदळल्यावर पृष्ठभागातून दुय्यम इलेक्ट्रॉन उडतात तेव्हा मीटर प्रवाह जास्त दाखवतो. नमुन्याभोवती चार कोपऱ्यांत चार फॅरेडे कप (आयनांचा प्रवाह मोजणारे धातूचे पेले) आणि त्यांच्या तोंडाशी दुय्यम इलेक्ट्रॉन परत ढकलणारी उणे ३०० व्होल्टची सप्रेशन रिंग, ही मांडणी बरी. चारही कपांचे आकडे जवळजवळ सारखे आले की स्कॅनिंग (बीम सगळ्या पृष्ठभागावर सारखा फिरवणं) नीट चाललंय असं समजायचं. यातही एक फट राहते. बीमलाइनमधल्या उरल्यासुरल्या वायूशी टक्कर होऊन काही आयन उदासीन होतात. स्कॅनर प्लेटांचं विद्युतक्षेत्र त्यांना वळवू शकत नाही, म्हणून ते सरळ जाऊन एकाच ठिपक्यावर आदळत राहतात. कपांना याचा पत्ताही लागत नाही. स्कॅनरनंतर बीमला काही अंशांचं वळण देऊन नमुना त्या वळलेल्या वाटेवर ठेवला की उदासीन कण बाजूला पडतात. मशीनवर असं वळण नसेल, तर नमुना मध्यरेषेपासून थोडा सरकवून लावावा.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवावा. हेलियमसाठी नेहमीचा डोस दर चौरस सेंटिमीटरला दोनावर सोळा शून्यं इतके आयन. प्रवाहाची घनता १०० नॅनोअँपियर दर चौरस सेंटिमीटर ठेवली, तर सेकंदाला सुमारे ६२४ अब्ज आयन पडतात आणि डोस पुरा व्हायला जवळजवळ ९ तास लागतात. एवढा बीमटाइम मिळवणं अवघड, म्हणून प्रवाह वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो. १०० नॅनोअँपियरला २ एमईव्हीचा बीम दर चौरस सेंटिमीटरला ०.२ वॉट उष्णता टाकतो. चिकटवणी खराब असेल आणि उष्णता फक्त प्रारणाने बाहेर जात असेल, तर एवढ्यानेही तापमान शंभर अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतं. एक मायक्रोअँपियरवर तीच उष्णता २ वॉट होते. बॅरियर बनता बनताच भट्टीत घातल्यासारखा भरून यायला लागतो, आणि लिथियम नायोबेट पायरोइलेक्ट्रिक असल्यामुळे तापताना स्वतःच्या भाराने तडकतोही. आम्ही १०० ते १५० च्या वर जात नाही. दुपारी बीम सुरू करायचा आणि रात्रपाळीवर सोडायचा.

चेंबरच्या खिडकीतून त्या वेळी एक गोष्ट बघण्यासारखी असते. बीम पडताच स्फटिक निळसर उजळतो. स्कॅन होणारा चौकोन स्पष्ट दिसतो, त्याची कड नमुन्याच्या कडेशी जुळते का ते कळतं. डोस चढत जाईल तसा हा उजेड मंदावतो. अर्ध्या नमुन्यावर तो लवकर मंदावला, तर स्कॅन एका बाजूला कललेला आहे. कपांचे आकडे पुन्हा बघायचे. बीमची जागा सुरुवातीला जुळवायला क्रोमियम मिसळलेला ॲल्युमिनाचा तुकडा लावतो, तो लालभडक चमकतो.

व्हॅक्यूम दहाच्या उणे सहाव्या घात मिलिबारच्या आत हवा. पंपाच्या तेलाची वाफ चेंबरमध्ये राहिली, तर बीम पडेल तिथे कार्बनचा तपकिरी पापुद्रा बसतो. स्फटिकाचा रंगही माऱ्याने थोडा पिवळट-करडा होतो, म्हणून पापुद्रा आणि रंगकेंद्रं (प्रकाश शोषणारे जाळीतले दोष) यांत गल्लत होते. ओळखायची रीत सोपी: भट्टीत जाईल तो रंगकेंद्रांचा, ऑक्सिजन प्लाझ्मात जाईल तो कार्बनचा. द्रव नायट्रोजनचा ट्रॅप भरलेला असला की दुसरा प्रश्न फारसा येत नाही.

डोस किती हा वादाचा मुद्दा आहे, आणि आमचं मत कमीकडे झुकतं. डोस कमी पडला तर बॅरियरचा अपवर्तनांक पुरेसा उतरत नाही. डोस जास्त झाला तरी तो आणखी उतरत नाही, कारण मोडतोड संपृक्त होते. मात्र गाभ्यातले दोष वाढतच राहतात. बॅरियरमध्ये हेलियमही साठत जातो. पाचावर सोळा शून्यं इतक्या डोसला तो तापवल्यावर बुडबुडे धरतो आणि पृष्ठभागावर फुगे येतात. शिवाय मोडलेला थर पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लात भराभर विरघळतो. याच दोषाचा उपयोग करून १९९८ मध्ये वरचा पातळ थर अखंड सोलून काढला गेला. सोलून काढायचा असेल तर हे वरदान, वेव्हगाइड जागेवर हवा असेल तर सत्यानाश.

प्रकाश गळत असेल तर डोस वाढवण्याऐवजी बॅरियर रुंद करावा. बॅरियरच्या खाली पुन्हा मूळचाच, जास्त अपवर्तनांकाचा स्फटिक आहे, त्यामुळे प्रकाश पातळ बॅरियरमधून बोगदा खणल्यासारखा पलीकडे निसटतो. तरंगलांबी जितकी मोठी आणि मोड जितका वरचा, तितकी ही गळती जास्त. २.०, १.९ आणि १.८ एमईव्ही अशा तीन ऊर्जा घ्यायच्या आणि तोच एकूण डोस तिघांत वाटायचा. पाव-पाव मायक्रॉनच्या अंतराने पट्टे एकमेकांत मिसळतात आणि भिंत जाड होते. अंतर यापेक्षा जास्त ठेवलं तर मधे फट राहते आणि प्रकाश तिथे मुक्काम करतो.

चॅनेल, म्हणजे बाजूंनीही कोंडलेला वेव्हगाइड, हवा असेल तर मास्क लागतो. २ एमईव्ही हेलियम फोटोरेझिस्टमध्ये (प्रकाशाने आकार देता येणारा लेप) सुमारे १० मायक्रॉन जातो, सोन्यात तीन ते चार. जाड रेझिस्टच्या पट्ट्या करायच्या किंवा सोनं इलेक्ट्रोप्लेट करायचं. रेझिस्टच्या बाजू उभ्या न राहता थोड्या उतरत्या राहिल्या तर वाईट वाटून घेऊ नये. उतारावरून जाणारे आयन कमी-कमी खोलीवर थांबतात आणि बॅरियर बाजूंनी हळूहळू वर चढत जातो, त्यामुळे चॅनेल गोलसर होतो. मारा झालेला रेझिस्ट मात्र काळा, कडक होतो. ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवला तरी जागचा हलत नाही. ऑक्सिजन प्लाझ्माच लागतो. दुसरा मार्ग म्हणजे आधी अख्खा पृष्ठभाग माऱ्याने सपाट वेव्हगाइड करायचा आणि मग हिऱ्याच्या ब्लेडने समांतर चर पाडून मधला कणा ठेवायचा. यात मास्कच लागत नाही, म्हणून अलीकडे आमचा कल याकडेच आहे.

जड आयनांचं तंत्र वेगळ्या तत्त्वावर चालतं, दोन्हींची गल्लत करू नये. फ्लोरिन, क्लोरिन यांसारखे आयन दहा-वीस एमईव्ही किंवा त्याहून जास्त ऊर्जेने मारले, की इलेक्ट्रॉनांना दिलेली ऊर्जाच जाळी वितळवायला पुरते आणि वाटेत अस्फटिकी रेघा उमटतात. ही ऊर्जा सर्वांत जास्त पृष्ठभागाखाली काही खोलीवर पडते, म्हणून तिथे अस्फटिक थर तयार होतो. अस्फटिक लिथियम नायोबेटचा अपवर्तनांक सुमारे २.१०, मूळच्या २.२० आणि २.२९ पुढे हा फरक हेलियमच्या मानाने बराच मोठा, आणि दोन्ही ध्रुवणांसाठी उपयोगी. डोस शंभरपटीने कमी लागतो, ९ तासांचं काम मिनिटांवर येतं. पण अस्फटिक थराची वरची कड डोसबरोबर पृष्ठभागाकडे सरकत राहते. दहा मिनिटं जास्त झाली की गाभा निम्मा गिळलेला असतो. शिवाय तो थर फुगतो, ताण येतो आणि मारा झालेल्या भागाच्या हद्दीवर तडे जातात.

ॲनीलिंगला, म्हणजे माऱ्यानंतर भट्टीत तापवण्याला, आम्ही २०० ते २५० अंशांवर अर्धा ते एक तास देतो, हवेतच. रंगकेंद्रं जातात, गाभा स्वच्छ होतो, बॅरियर शाबूत राहतो. तापमान मिनिटाला २ ते ३ अंशांपेक्षा वेगाने चढवू किंवा उतरवू नये, आणि तुकडा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये सैल गुंडाळावा, म्हणजे पायरोइलेक्ट्रिक भार इकडून तिकडे वाहून जातो. फॉइल न लावलेला तुकडा भट्टीत टिचकी मारल्यासारखा वाजतो आणि बाहेर येतो तो दोन तुकड्यांत.

टोकांचं पॉलिशिंग हे सर्वांत कष्टाचं. वेव्हगाइड वरच्या पाच मायक्रॉनांत आहे आणि पॉलिश करताना सर्वांत आधी गोल होते ती नेमकी वरची कडच. मायक्रोस्कोपखाली टोक आरशासारखं दिसतं, फक्त वरच्या कडेला एक बारीक अंधारी रेघ असते. ती रेघ म्हणजे आपला वेव्हगाइड. म्हणून मारा झालेल्या पृष्ठभागावर तशाच स्फटिकाचा दुसरा तुकडा मेणाने चिकटवायचा, मधे मेणाचा थर एक मायक्रॉनच्या आत, आणि दोघांना एकत्र ९, ३, १ मायक्रॉन हिऱ्याच्या पेस्टवर नेऊन शेवटी कोलॉइडल सिलिकावर संपवायचं. मेण जाड राहिलं तर कड पुन्हा गोल.

मोजणीला प्रिझम कपलर. रुटाइल प्रिझमवर तुकडा दाबायचा, कोन फिरवायचा आणि परावर्तित प्रकाशातले खड्डे बघायचे; प्रत्येक खड्डा म्हणजे एक मोड. २ एमईव्हीच्या वेव्हगाइडला ६३३ नॅनोमीटरवर आठ-नऊ खड्डे मिळतात, १५३९ वर तीन-चार. पहिले धारदार असतात, पुढचे पसरट होत जातात. पसरट म्हणजे गळका. दाब जास्त दिला तर धारदार खड्डेही पसरतात आणि जागचे हलतात, म्हणून दाब कमी करत करत शेवटचा दिसेल तिथला आकडा घ्यावा. एकही खड्डा दिसला नाही तर डोसला दोष देण्याआधी प्रिझम पुसून बघावा. या आकड्यांवरून अपवर्तनांकाचा आलेख काढायला चँडलर आणि लामा यांची १९८६ ची परावर्तन-गणन पद्धत अजून कामाची आहे, कारण ती गळक्या मोडांचाही हिशेब धरते.

क्षय, म्हणजे वाटेत किती प्रकाश हरवतो ते, मोजायला लेन्सने एका टोकातून प्रकाश आत, दुसऱ्यातून बाहेर. २.२ अपवर्तनांकाच्या प्रत्येक टोकावर १४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे दर टोकाला सुमारे ०.६६ डेसिबल, ते वजा न करता क्षय सांगितला तर तो फुगतो. मोजणी एकाच तरंगलांबीवर थांबवू नये. १५५० ला क्षय जास्त आणि ६३३ ला कमी असेल तर प्रकाश बॅरियरमधून गळतो आहे. पुढच्या तुकड्याला आणखी एक ऊर्जा जोडायची. ६३३ ला जास्त आणि १५५० ला कमी असेल तर गाभ्यात रंगकेंद्रं किंवा विखुरणारे दोष उरले आहेत. तो तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून पुन्हा भट्टीत, २५० अंशांवर, आणखी अर्धा तास.